आपल्याच घराचा शोध

माणसाने स्वतःविषयी स्वतःच साक्ष द्यावी काय, आणि दिलीच तर ती कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न फार जुना आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला तो आमच्यासमोर प्रथम आला, तेव्हा त्यासोबत आलेली उदाहरणे वजनकाट्याची, मृत्युपत्राची आणि लंगडा घोडा विकणाऱ्याची होती. ती उदाहरणे आम्ही पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरलो. पुढे हाच प्रश्न एक दिवस आमच्या टेबलावर येऊन बसेल आणि आपण त्याच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत हे कळायलाही आम्हांला बराच काळ लागेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

२००९ सालची गोष्ट. आमचा एक भाचा तेव्हा नोकरीनिमित्त कॅनडात राहत होता. सुट्टीत गावी आला की तो सायकल काढून वसईच्या वाड्यावाड्यांतून हिंडे आणि बावखलांची छायाचित्रे घेई. बावखल म्हणजे काय हे आमच्या भागातील वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की, केळीच्या, पानवेलीच्या आणि भाजीच्या वाड्यांना पाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी हाताने खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. एके काळी काठावर रहाट फिरत असे. आता कित्येक बुजली आहेत आणि कित्येकांवर इमारती उभ्या आहेत. भाच्याने ही छायाचित्रे एका संकेतस्थळावर मांडली, प्रत्येकाखाली गावाचे नाव आणि दोन ओळी माहिती लिहिली. काम चांगले होते, हे मामा म्हणून सांगत नाही. पण सहा महिन्यांत ते पाहायला आले किती, तर घरची माणसे आणि त्याचे दोन सहकारी.

मग त्याला कोणीतरी ‘स्टंबलअपॉन’ दाखवले. आजच्या तरुण वाचकांस हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २००१ मध्ये कॅनडातील कॅल्गरी शहरात गॅरेट कॅम्प आणि त्याच्या मित्रांनी ही सोय सुरू केली. (पुढे ‘उबर’च्या संस्थापकांत ज्याचे नाव आले, तोच हा कॅम्प.) तुम्ही आपल्या आवडीचे विषय नोंदवायचे आणि एक कळ दाबायची. तुम्ही न मागितलेले, कधी न पाहिलेले, पण तुमच्या आवडीला जुळेलसे एखादे पान समोर उघडे. आवडले तर वर केलेला अंगठा, न आवडले तर खाली केलेला अंगठा, आणि पुन्हा कळ. शोध घेणे नव्हे, गवसणे. इंग्रजी नावाचा अर्थही तोच, चालता चालता पायाला काहीतरी लागणे. धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला येथे ग्रीक भाषेतला अडखळणीचा दगड आठवल्याशिवाय राहत नाही. पण तो विनोद आम्हांला तेव्हा सुचला नाही, फार नंतर सुचला.

या यंत्रणेची किल्ली एका छोट्याशा गोष्टीत होती. नवे पान कोणी प्रथम पसंत केले, तर ‘या पानाचा शोध अमक्याने लावला’ अशी नोंद होत असे. मग ते पान तशाच आवडीच्या थोड्या लोकांपुढे ठेवले जाई. त्यांनी अंगठा वर केला तर अधिकांपुढे, त्यांनीही केला तर त्याहून अधिकांपुढे. २००७ मध्ये ‘ईबे’ कंपनीने ही सोय साडेसात कोटी डॉलरना विकत घेतली आणि २००९ मध्ये कॅम्प व त्याच्या सहकाऱ्यांनी ती परत सोडवून घेतली, यावरून तिचे वजन ध्यानात यावे. संकेतस्थळांच्या मालकांच्या दृष्टीने ती गंगाच होती. एखादे पान तेथे चालले, तर एका रात्रीत हजारो पाहुणे दारात येत.

भाच्याने आपल्या बावखलांचा शोध स्वतःच लावला. म्हणजे आपल्याच पानावर स्वतःच पहिला अंगठा उमटवला. मग त्याने आम्हां सगळ्या नातेवाइकांना पत्र पाठवले. आत्या, मावशा, चुलते आणि त्यांची मुले धरून तीसएक माणसे असतील. आम्हांला त्याने दूरध्वनीही केला. “मामा, तुम्ही फक्त खाते उघडा आणि अंगठा दाबा. पाच मिनिटांचे काम आहे. तुमचे ऐकून बाकीचेही करतील.” आम्ही खाते उघडले. आवडीचे विषय म्हणून इतिहास आणि छायाचित्रण असे नोंदवले, अंगठा दाबला आणि पुन्हा त्या खात्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. एवढेच नव्हे, ज्यांना जमत नव्हते अशा दोघांना ते करूनही दिले. त्या क्षणी मनाला काही टोचले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. एका गुणी मुलाला हात दिल्याचे समाधानच वाटले.

यात चुकले काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तेव्हा वकिलासारखी उत्तरे चटकन सुचली. एक, आम्ही एकही असत्य वाक्य उच्चारले नव्हते. दोन, छायाचित्रे आम्हांला खरोखरच आवडली होती. तीन, सगळेच असे करत होते. तिसरे उत्तर चर्चेच्या योग्यतेचे नाही. पहिली दोन मात्र तपासायला हवीत, कारण ती खरी आहेत आणि तरीही पुरी पडत नाहीत.

संत ऑगस्टीनने सन ३९५ च्या सुमारास असत्यभाषणावर एक ग्रंथ लिहिला. त्यात असत्याचे आठ प्रकार आहेत आणि मांडणी इतकी गुंतागुंतीची आहे की, उतारवयात खुद्द ऑगस्टीनलाच तो ग्रंथ क्लिष्ट वाटला. विद्यार्थिदशेत आम्हांला तो तसाच वाटला होता, हे कबूल करतो. पण त्यातील एक बारकावा लक्षात राहिला. मनात एक असताना दुसरेच प्रकट करणे म्हणजे असत्य, आणि ते प्रकट करणे शब्दांनीच व्हावे असे नाही, ते कोणत्याही खुणेने होऊ शकते. वर केलेला अंगठा ही खूण आहे. तिचा अर्थ दाबणारा ठरवत नाही. ज्या जागी ती उमटते त्या जागेच्या रिवाजाने तो ठरलेला असतो. स्टंबलअपॉनवर त्या खुणेचा अर्थ ‘छायाचित्रे चांगली आहेत’ एवढाच नव्हता. ‘मी एक परका वाटसरू, सहज येथे आलो आणि थांबावेसे वाटले’ असा तो होता. पहिला अर्थ आमच्या बाबतीत खरा होता, दुसरा खोटा. आम्ही वाटसरू नव्हतो, घरचे होतो. आणि कॅनडातला किंवा ब्राझीलमधला जो परका माणूस त्या अंगठ्यांवर विसंबून ते पान उघडणार होता, त्याला नेमके हेच ठाऊक नव्हते.

ही युक्ती काही संगणकाने शोधलेली नाही. सम्राट नीरो रंगमंचावर गायला उभा राही, तेव्हा टाळ्यांसाठी त्याने पाच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण पदरी बाळगले होते, असे इतिहासकार स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे. त्यांना टाळ्यांचे निरनिराळे प्रकार शिकवलेले असत, एकाचे नाव भुंग्यांच्या गुंजारवावरून, तर बाकीच्यांची कौलांच्या आवाजावरून पडलेली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत हा रीतसर धंदा झाला. पैसे देऊन टाळ्या वाजवणारे मिळत, हसणारे मिळत, रुमाल काढून रडणारे मिळत आणि ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणून ओरडणारेही मिळत. आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या काळात एखाद्या पदाला वन्समोअर मिळे, तेव्हा तो हक्काचा की आणवलेला, यावर मागच्या रांगेत वाद होत असतीलच. परंतु नाट्यगृहातील भाडोत्री टाळीत निदान एक सुरक्षितता होती. शेजारी बसलेल्या प्रेक्षकाच्या कानांवर ते गाणे पडत होते. ते बेसूर असेल तर टाळी ऐकूनही त्याला ते बेसूरच लागे. संकेतस्थळाच्या बाबतीत टाळी आधी ऐकू येते आणि गाणे मागाहून. किंबहुना टाळी वाजली नाही तर गाणे ऐकूच येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, सुरुवातीचे दहा-वीस अंगठे खोटे असले तरी पुढे हजारो लोक पाहतात, आणि एवढ्या मोठ्या समुदायाच्या निवाड्यापुढे त्या दहा-वीसांचे काय चालणार? आम्हीही असेच मानत होतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांची निवड लोकांच्या कौलाने करणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांनी पाच महिने वाचकांच्या लाखाहून अधिक अभिप्रायांवर हा प्रयोग केला. काहींना, केवळ नाणेफेक करावी तसे, आरंभीच एक अनुकूल मत देऊन ठेवले, काहींना एक प्रतिकूल, आणि बाकीच्यांना काहीच नाही. आधी अनुकूल मत पडलेल्या अभिप्रायाला पुढच्या पहिल्याच वाचकाकडून अनुकूल मत मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अखेरची सरासरी गुणसंख्या २५ टक्क्यांनी फुगली. एका खोट्या मताचा हा परिणाम! आमच्या कुटुंबाने तीस दिली होती.

त्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. आरंभी दिलेले खोटे प्रतिकूल मत लोकांनी दुरुस्त केले. अन्यायाने खाली ढकललेल्याला त्यांनी हात देऊन वर आणले आणि हिशेब जवळजवळ बरोबरीत आला. खोटी स्तुती मात्र कोणी दुरुस्त केली नाही. म्हणजे समुदाय निंदेविषयी सावध असतो, स्तुतीविषयी नाही. यात माणसाच्या स्वभावातला एक चांगुलपणा दिसतो, आणि खोटी स्तुती करणारा त्याच चांगुलपणावर चरतो. आम्ही ज्याला निरुपद्रवी मदत समजलो ती अशी होती.

आता याहून कठीण उदाहरण घेऊ. ‘रेडिट’ या आज जगभर पसरलेल्या संकेतस्थळाची सुरुवात २००५ च्या जूनमध्ये स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन या दोन तरुणांनी केली. आरंभी तेथे कोणीच नव्हते. तेव्हा या दोघांनी निरनिराळ्या काल्पनिक नावांनी स्वतःच रोज दुवे टाकले, आणि येणाऱ्याला वाटले की येथे बरीच वर्दळ आहे. त्यासाठी त्यांच्या पडद्यावर हवे ते नाव भरता येईल असा वेगळा रकानाच ठेवलेला होता. ही हकिकत खुद्द हफमनने पुढे, २०१२ मध्ये, मोकळेपणाने सांगितली. रिकाम्या खाणावळीत पाऊल टाकायला लोक बिचकतात, हे कोणत्याही खाणावळवाल्याला ठाऊक असते. दुवे उत्तम होते आणि फसवून कोणाचा पैसा घेतला नव्हता. मग दोष कोठे? आमचे मत असे की, दोष आहे, पण भाच्याच्या आणि आमच्या दोषाहून तो हलका आहे. त्यांनी दिव्यांची संख्या वाढवून दाखवली. आम्ही साक्षीदारांची संख्या वाढवून दाखवली. दुकानात दिवे जास्त लावणे आणि गिऱ्हाइकाच्या वेषात आपलाच मुलगा उभा करणे यांत जे अंतर आहे, तेवढे अंतर येथे आहे. मात्र याच रेडिटने पुढे असा नियम केला की, मित्रांना सांगून मते गोळा करणे म्हणजे फसवणूक, आणि तसे करणाऱ्याचे खाते बंद होईल. शहाणपण आधी येते की बस्तान बसल्यावर येते, यावर आम्ही भाष्य करत नाही.

‘डिग’ची कथा थोडक्यात सांगतो. केव्हिन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी २००४ च्या अखेरीस ते सुरू केले. पहिल्या पानावर काय यावे हे वाचकांच्या मतांनी ठरे, आणि तेथे पोहोचलेल्या संकेतस्थळाकडे इतकी माणसे लोटत की त्याचे यंत्रच कोलमडून पडे. साहजिकच मते जमवणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या, एकमेकांची पाठ थोपटण्याचे करार झाले. ऑगस्ट २०१० मध्ये चालकांनी रचनाच बदलली, मोठ्या प्रकाशकांना आपला मजकूर परस्पर आत टाकण्याची वाट करून दिली, आणि रागावलेले वाचक रेडिटकडे निघून गेले. जुलै २०१२ मध्ये डिग विकले गेले तेव्हा त्याच्या गतवैभवाच्या मानाने किंमत नगण्य होती.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, जी आमच्यासारख्या माणसाच्या तोंडी वाचकांना विचित्र वाटेल. स्टंबलअपॉनवर पैसे भरूनही पाहुणे आणता येत असत. सुरुवातीच्या काळात एका पाहुण्याला पाच सेंट असा दर होता. पान आपोआप लोकांपुढे जाई आणि ते पुरस्कृत असल्याची खूण पाहणाऱ्याच्या पडद्यावर उमटे. आम्हां पाळकांचा स्वभाव असा की, जेथे पैसा आला तेथे पाप आणि जेथे स्नेह आला तेथे पुण्य, असे आम्ही पटकन गृहीत धरतो. या प्रकरणात ते उलटे आहे. भाच्याने पन्नास डॉलर भरले असते तर हजार माणसे आली असती, आणि त्यांतील प्रत्येकाला कळले असते की, हे पान कोणीतरी पैसे देऊन आपल्यापुढे ठेवले आहे, आता आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे. व्यवहार उघडा होता. स्नेहापोटी आम्ही जे केले ते झाकलेले होते. प्रेमाने दिलेली खोटी साक्ष विकत घेतलेल्या जाहिरातीपेक्षा अधिक दूषित असू शकते, हे आम्हांला पन्नाशीच्या उंबरठ्यावर उमगावे, याची थोडी लाजच वाटते.

परंतु म्हणून भाच्याची बाजू पोकळ ठरत नाही. ज्याच्याजवळ पन्नास डॉलर नाहीत आणि तीस नातेवाईकही नाहीत, त्याने काय करावे? चांगले काम आपोआप लोकांपर्यंत पोहोचते, हे वाक्य ज्यांचे काम पोहोचलेले असते तेच उच्चारतात. दिवा मापाखाली ठेवू नये, हे आम्ही वेदीवरून सांगतो. मग एखाद्याने दिवा दिवठणीवर ठेवायची खटपट केली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. बावखले बुजत होती. त्यांची छायाचित्रे कोणी पाहिली नसती, तर ती जणू दुसऱ्यांदा बुजली असती. तेव्हा ‘हे माझे आहे, कृपया पाहा’ असे चारचौघांत म्हणणे यात आम्हांला काहीच गैर दिसत नाही. रेडिटवर एके काळी असा संकेत प्रचलित होता की, दहातील नऊ वेळा दुसऱ्यांचे चांगले काम लोकांपुढे ठेवावे, मग एकदा आपले ठेवावे. हे प्रमाण आम्हांला आवडते. हिशेबी मनुष्य त्यातूनही पळवाट काढील. पण नऊ वेळा दुसऱ्याचे मनापासून पाहणाऱ्याला दहाव्या वेळी आपले सांगताना निदान आवाज कसा ठेवावा हे कळते.

पाहुणे आले. दोन दिवसांत अकरा हजारांच्या वर आले. भाच्याने उत्साहाने आकडा कळवला आणि आठवडाभराने, थोड्या खालच्या आवाजात, दुसरा आकडा कळवला. बहुतेक जण काही सेकंद थांबले होते. पहिले बावखल पाहिले, कळ दाबली, गेले. संत थॉमस अक्वायनसने ज्ञानाच्या दोन ओढींमध्ये भेद केला आहे. एक अभ्यासू वृत्ती, जी वस्तूपाशी थांबते. दुसरी केवळ कुतूहलाची चटक, जी वस्तूवरून वस्तूवर उडते आणि तृप्त होत नाही. त्या कळीने दुसऱ्या वृत्तीला घर बांधून दिले होते, असे आम्हांला वाटते. आम्ही खोट्या साक्षी देऊन जे मिळवले, ते अकरा हजार माणसांचे लक्ष नव्हते. त्यांच्या डोळ्यांची एक उघडझाप होती.

मात्र त्या अकरा हजारांत एक माणूस थांबला. परदेशात स्थायिक झालेले, मूळचे आमच्याच भागातले एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी भाच्याला लांबलचक पत्र लिहिले. तिसऱ्या छायाचित्रातील बावखल त्यांच्या आजोळचे होते. लहानपणी तेथे ते पोहायला शिकले होते. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की, जगभरच्या इतक्या अनोळखी माणसांना आमचे बावखल आवडले हे पाहून ऊर भरून आला. भाच्याने ते पत्र आम्हांला पाठवले आणि विचारले, “मामा, त्यांना सांगू का?” आम्ही उत्तर दिले, “कशाला सांगतोस? म्हाताऱ्या माणसाचा आनंद हिरावून काय मिळणार?”

असत्याच्या ज्या आठ प्रकारांची परीक्षा आम्ही दिली होती, त्यांत कोणाचे अहित न करता दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले असत्यही येते, आणि ऑगस्टीन त्यालाही सूट देत नाही. तेव्हा आम्हांला हे आठवले नाही. भाच्याने मात्र आमचे ऐकले नाही. त्याने त्या गृहस्थांना सरळ लिहून टाकले की, आरंभीच्या पसंत्यांपैकी तीसएक माझ्या घरच्यांच्या आहेत आणि एक माझ्या मामांची, जे फादर आहेत. आमचे नाव गोवायची काय गरज होती, असे आम्हांला वाटले, हेही येथे नमूद करतो. दोन आठवड्यांनी त्यांचे उत्तर आले. त्यात पसंत्यांविषयी अवाक्षर नव्हते. बावखलाच्या पलीकडच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या, त्या छायाचित्रात का दिसत नाहीत, एवढेच त्यांनी विचारले होते. भाचा पुढच्या सुट्टीत ते पाहायला गेला, तेव्हा त्या काठावर भराव पडलेला होता.

स्टंबलअपॉन ३० जून २०१८ रोजी बंद झाले. चालकांनी लोकांना ‘मिक्स’ नावाच्या दुसऱ्या सोयीकडे वळवले. आमचे अंगठे त्याबरोबर गेले असावेत. भाच्याचे संकेतस्थळ अजून आहे. गेल्या महिन्यात त्याने नव्या छायाचित्रांचा दुवा आम्हांला पाठवला. या वेळी वाडीतल्या जुन्या रहाटांचे अवशेष आहेत. सोबत एवढेच लिहिले आहे की, मामा, सावकाश पाहा, आणि पाहून झाल्याशिवाय कोणाला सांगू नका. एकूण बेचाळीस छायाचित्रे आहेत. आमची एकोणीस पाहून झाली आहेत.